दहा मजल्यांचा झोका

युसूफ, तुला जाऊन अजून चाळीस दिवस झाले नाहीत, तुझा चाळिसावाही व्हायचाय, आणि मी तुझ्याशी भांडायचं काही थांबवलेलं नाही. गाडी चालवताना भांडतो. साइटवर खांबाला हात टेकून उभा राहतो आणि भांडतो. परवा माझी बायको सुषमा म्हणाली, "कुणाशी बोलून राहिलात?" मी म्हटलं, पार्टनरशी. ती बिचारी चहा ठेवायला निघून गेली. तू असतास तर म्हणाला असतास, "दिगू, जिवंत होतो तवा ऐकलं न्हाईस, आता मेल्यावर तरी सोड की यार." नाही सोडणार. माणूस मेला म्हणून त्याचा मुद्दा आपोआप बरोबर ठरत नाही.

उदगीरला तुझ्या मातीला आलो होतो. सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती टाकली, मीही टाकली. पण पहिली मूठ टाकण्याआधी माझ्या बोटांनी सवयीनं ती माती चुरून बघितली, मुरूम किती, चिकण किती. शेजारच्या म्हाताऱ्या चाचांना वाटलं मी रडू आवरतोय, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगतो, तोवर रडू आलंच नव्हतं. त्यांचा हात पडला आणि मग आलं. इतकी वर्षं आपण दोघांनी मिळून इमारती तपासल्या, भूकंप आला तर ही उभी राहील का, हे सांगणं हाच आपला धंदा. आणि तुझ्या छातीत काय चाललंय हे मात्र दोघांनाही कळलं नाही. दुपारी जेवून आडवा झालास आणि उठला नाहीस, एवढंच रेहाना भाभींनी फोनवर सांगितलं.

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तू पहिल्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसलास ते केवळ माझ्या डब्यात धपाटे होते म्हणून. हे तूच नंतर कबूल केलंस. सुट्टीला उदगीरकडे जाणाऱ्या एसटीत आपण जळकोटपर्यंत बांधकामावर वाद घालायचो आणि जळकोटच्या स्टँडवर भजी खाताना तह करायचो. तुला तेव्हापासून एक खोड होती. कुणी "एकदम पक्कं" म्हणालं की तू मान वाकडी करून विचारायचास, "कशासाठी पक्कं? वाऱ्यासाठी, पाण्यासाठी का भूकंपासाठी?" पोरं तुला हसायची. मीही हसायचो, आणि खोलीवर गेल्यावर तुझ्याच वह्या वाचून पास व्हायचो.

गोदावरीच्या अंगाची ती उंच इमारत आठवते? नांदेडमधलं आपलं पहिलं मोठं काम. भर दुपारी गच्चीवर गेलो. तू पिशवीतून ते यंत्र काढलंस, जेवणाच्या डब्याहून जरासं मोठं. मग बाजूला जाऊन चपला काढल्यास. मला वाटलं, तू बिस्मिल्ला वगैरे म्हणणार, म्हणून मीही मुकाट चपला काढल्या आणि हात जोडले. तू माझ्याकडे बघून इतका हसलास की खाली बसलास. "येड्या, पावलाचा दणका यंत्रात जातो म्हणून काढल्या. तू तर आरतीलाच उभा राहिलास!" त्यानंतर कुठल्याही गच्चीवर चढलो की तू मला विचारायचास, "कापूर आणला का?"

पण त्या दिवशी लॅपटॉपवर जी रेघ उमटली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. वारा पडलेला. गच्चीवर आपण दोघंच, दोघंही दगडासारखे बसलेले. तरी रेघ जात होती आणि येत होती, जात होती आणि येत होती, एका लयीत.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बिल्डिंग."

"बिल्डिंगचं काय?"

"हलून राहिली ना."

 मी उठून सरळ जिन्याकडे निघालो. तू बसल्या जागेवरून म्हणालास, "झाड हलतं म्हणून झाडाखालून पळतोस का रे?" मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो. मग तू समजावून सांगितलंस. पुलावरून ट्रक जातो, तिसऱ्या मजल्यावर कुणी दार लोटतं, लांब कुठंतरी वारा सुटतो. हे सगळे बारीक धक्के इमारत गोळा करते आणि आपल्या स्वतःच्या चालीनं झुलते. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी, पण झुलते. प्रत्येक इमारतीचा झोका वेगळा. खांब अशक्त झाले, वरचं ओझं वाढलं, की झोका संथ होतो. म्हणजे एक वीट न फोडता, नुसतं वर गप्प बसून, आत काय चाललंय त्याचा अंदाज येतो.

अंगावर काटा आला, युसूफ. भीतीचा नव्हता तो. हजारो पोती सिमेंट, गाड्या भरभरून लोखंड, त्यात राहणारी माणसं, त्यांची कपाटं, फ्रीज, देव्हारे, आणि एवढ्या सगळ्या वजनाला असा झोळीतल्या बाळासारखा हलका झोका! मी परत येऊन बसलो आणि ऊन उतरेपर्यंत त्या रेघेकडे बघत राहिलो. तेव्हापासून मला एकही उंच इमारत थांबलेली दिसत नाही. लातूरच्या रस्त्यानं जाताना दवाखान्याची इमारत झुलताना दिसते, कोचिंगवाल्यांची झुलताना दिसते. लोकांना देवळात जाऊन जे होत असेल ते मला गच्चीवर होतं, आणि ते तुझ्यामुळे होतं. हे तुला कधी तोंडावर बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा कापूर काढला असतास.

दुसरी एक गोष्ट तू मला शिकवलीस ती मला पचायला फार वर्षं लागली. चांगली इमारत मोडत नाही, असं मी धरून चाललो होतो. तू म्हणायचास, मोठ्या भूकंपात चांगली इमारतही मोडते, पण शहाण्यासारखी मोडते. आधी भिंतींना तडे जातात, मग तुळया वाकतात, वाकता वाकता धक्का पिऊन घेतात. खांब सगळ्यात शेवटी. "घरावर संकट आलं तर आधी दागिने मोडावे, मग भांडी, घरचं माणूस मोडू नये. तसंच हाय हे," तू म्हणायचास. "खांब म्हणजे घरचं माणूस." किती वेळा ऐकलं असेल मी हे, आणि तरी दर वेळी ऐकताना वाटायचं, हे ज्यानं पहिल्यांदा शोधून काढलं त्याच्या पाया पडावं. दगड-लोखंडालाही मोडण्याची रीत शिकवता येते!

आता आपलं भांडण. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मलाच त्याचं टोक सापडत नाही.

किल्लारीच्या भूकंपात आमचं घर बसलं तेव्हा मी शाळकरी पोर होतो. गणपती बुडवून दमून गाव झोपलं होतं. आमचं दगडी घर, हातभर नव्हे चांगल्या दोन हातांच्या जाडीच्या भिंती, वर मातीचं माळवद. बाप त्याआधीच वारलेला. मला आणि मायला लोकांनी ओढून काढलं. सुमनअक्काला काढलं तेव्हा ती गेलेली होती. अक्का माझ्याहून मोठी, माझी वेणी घालायची चेष्टेनं, मला केसच नव्हते तरी. त्या दिवसापासून माय छताखाली झोपलेली नाही. घरात स्वयंपाक करते, बसते, टीव्हीसमोर पोथी वाचते, पण झोपायची वेळ झाली की वाकळ उचलून अंगणात. पाऊस असला तर पत्र्याच्या पडवीत, डोकं बाहेरच्या बाजूला. पुनर्वसनाचं घर भूकंपाचा विचार करून बांधलेलं, पण तिच्यासाठी छत ते छत. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. माझ्या मायनं ताकच सोडलं.

आणि मी झालो उंच इमारतींचा इंजिनिअर, आणि घर घेतलं लातूरला, दहा मजली इमारतीत, सहाव्या मजल्यावर. तूच म्हणालास, "दिगू, तुला झोप लागंल का तिथं?" लागली. गोदावरीकाठची ती दुपार पाठीशी होती म्हणून लागली. मायला मात्र दारापर्यंत आणणंसुद्धा जमेना. तिचे गुडघे गेलेले, खोकला हिवाळाभर हटत नाही. गेल्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरून पडली, शेजारणीनं सकाळी उठवलं. त्यानंतर फोन वाजला की मी आधी गावाकडचा नंबर आहे का ते बघायचो. ती एकटी बाहेर झोपलेली आणि मी सहाव्या मजल्यावर पंख्याखाली. घास गोड लागत नव्हता, युसूफ. तुला ते दिसत होतं.

म्हणून तर म्हणालास, "चल, तुझीच बिल्डिंग तपासू. दुसऱ्याच्या तपासत फिरतो, आपल्या घरात कधी यंत्र लावलं का?"

लावलं, आणि हाय रे दैवा. गच्चीच्या दोन टोकांना दोन यंत्रं. लिफ्टच्या भक्कम काँक्रीट भिंतींच्या बाजूचं टोक जेमतेम हलत होतं आणि दुसरं टोक त्याच्या कितीतरी पट. इमारत नीट झुलतच नव्हती, मुरडत होती. तू रेघांकडे बघत म्हणालास, "एका टोकाला खुंटीला बांधलेली म्हैस बघितली का? तोंड जागेवर, पाठ सगळ्या गोठ्यात. तशी हाय ही." मग मान वर करून पाहिलंस. आपल्या डोळ्यांसमोरच होत्या. टाक्या! काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, एकाला एक चिकटून, गच्चीच्या त्याच जास्त हलणाऱ्या कोपऱ्यावर उभं राहिलेलं टाक्यांचं गाव.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे हे. त्या उन्हाळ्यानंतर आमच्या सोसायटीत ज्यानं त्यानं आपली एकेक टाकी वर चढवली. टँकरचा पाइप ज्या कोपऱ्यात वर येतो त्याच कोपऱ्यात सगळ्यांनी, म्हणजे पाइप ओढायला नको. माझीही त्यात होती, निळ्या झाकणाची. इंजिनिअर असून मीही चढवली, कारण तहान लागते तेव्हा इंजिनिअर वगैरे काही उरत नाही. एका भीतीनं दुसरी भीती आम्ही आमच्याच डोक्यावर नेऊन ठेवली होती. त्यात खाली पार्किंगसाठी सगळं मोकळं, भिंत नाही, नुसते खांब.

सोसायटीच्या मीटिंगला तू आलास. आमचे चेअरमन, बियाण्यांचे व्यापारी, अंगानं भरदार, आवाजानं त्याहून. ते म्हणाले, "साहेब, भूकंप येईल तवा येईल. पाणी तर रोज जातंय. आज तहानेनं मरू का उद्या भूकंपानं, तुमीच सांगा." सगळी मंडळी हसली. मी खाली बघत राहिलो, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तू वाद घातलाच नाहीस. पार्किंगमधला पाण्याचा भरलेला जार उचललास आणि चेअरमनना म्हणालास, "काका, हे असं कमरेवर घ्या, एका बाजूला, बाया हंडा घेतात तसं. अन् गेटपर्यंत पळत जाऊन या."

"मी?"

"हौ. बिल्डिंग पळू शकत न्हाई, म्हणून तुमी."

चेअरमन पळाले. चार पावलांत त्यांचं अंग जाराच्या बाजूला मुरडलं, दुसरा हात हवेत गेला, एक पाय कुठं आणि दुसरा कुठं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, चेअरमन स्वतः हसत होते. गेटपाशी जार खाली ठेवून ते धापा टाकत उभे राहिले, आणि हळूहळू त्यांचं हसू गेलं. त्यांनी मान वर करून गच्चीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मग ते एवढंच म्हणाले, "पाणी खाली ठेवायची काय सोय करता, ते सांगा." तू सांगितलीस. खाली एक सामायिक हौद, वर लिफ्टच्या भिंतींवर बेताची एकच टाकी, वीज गेली तर पुरेल एवढी. पार्किंगमधल्या खांबांना भोवतीनं नवं लोखंड बांधून काँक्रीटचं जॅकेट, आणि दोन टोकांना भिंती. "लातूरच्या उन्हात जॅकेट?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि ठराव हसत हसत पास झाला.

काम चालू असतानाच आपण मायकडे गेलो होतो. तुला बघून तिनं ताटात धपाटे आणि दही वाढलं, मला विचारलंही नाही. तू खाऊन झाल्यावर ती तुझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "युसूफ, ह्याच्यावर माजा इस्वास न्हाई. ह्यो लेकरू हाय, मला न्यायला काय बी बोलंल. तू सांग. ते घर पडत न्हाई म्हण, मी आज येते."

किती वर्षांनी तिनं "येते" म्हटलं होतं!  तुला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

तू हात धुतलेस, पंच्याला पुसलेस आणि म्हणालास, "माय, हलंल."

"हलंल?"

"हौ. भूकंप आला तर हलंल. लई मोठा आला तर भेगा पडतील, भिंती फुटतील. आपण काम असं करून राहिलो की माणसाला बाहेर पडायला मिळावं. पडणारच न्हाई, असं मी कुठल्याच घराला म्हणत न्हाई."

माय उठली. ताटं उचलून आत गेली.

परतीच्या वाटेवर औसा आल्यावर मी जे बोललो ते तुला आठवत असेलच. शहाणपणा तुझ्या रिपोर्टात ठेव, म्हातारीसमोर कशाला? ती बाहेर कुडकुडून मेली तर तुझं सत्य तिच्या उशाला ठेवू का? तू शांतपणे म्हणालास, "जे मी लिहून सही करणार न्हाई ते मायला कसं बोलू, दिगू?" मी म्हटलं, माय म्हणजे सोसायटी नव्हे. तू म्हणालास, "म्हणूनच." तेवढंच. त्यावर पुढं काही बोलणं झालं नाही, कारण नंतरच्या आठवड्यात तू उदगीरला गेलास, आणि फोन आला तो भाभींचा.

तुझं ते "म्हणूनच" मला फार लागलं. चिडलो होतो, अजूनही आहे. एक प्रेमाचं खोटं बोलायला तुझं काय जात होतं? पुण्यच लागलं असतं. तुझ्या कबरीजवळ उभा असतानाही मनात हेच चालू होतं, आणि दुसऱ्या बाजूनं हेही, की आता माझ्याशी असं भांडणारं जगात कुणी उरलं नाही.

तुझ्या मातीनंतर तीन आठवड्यांनी माय म्हणाली, "मला उदगीरला ने." घेऊन गेलो. भाभींच्या शेजारी ती खाली बसली, दोघींनी एकमेकींचे हात धरले. भाभी म्हणाल्या, "माय, तुमच्या धपाट्यांची बात करायचे ओ." तेव्हा मायला हुंदका आवरेना. परत निघालो, गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. अचानक म्हणाली, "त्यानं हात लावलेली ती बिल्डिंग झाली का पुरी?"

मी म्हटलं, काम झालंय, टाक्या खाली आल्यात, शेवटचं मोजमाप तेवढं राहिलंय.

"कवा हाय?"

"परवा दुपारी."

"मला घेऊन चल."

मोजमापाच्या दिवशी सकाळीच तिला आणलं. लिफ्टमध्ये तिनं डोळे मिटून माझा दंड असा आवळला की बोटं उमटली. सहाव्या मजल्यावर आल्यावर तिनं घर बघितलं नाही, खांब बघितले. एकेका खांबाला हात लावून पुढं गेली, आणि बैठकीतल्या खांबाला पाठ टेकून जमिनीवर बसली. मी वर जाऊन यंत्रं लावली. चपला काढल्या. या वेळी हसायला कुणी नव्हतं.

मोजमाप म्हणजे सगळ्या इमारतीनं गप्प बसायचं. लिफ्ट बंद, मोटार बंद, मिक्सर बंद, पोरांनी उड्या मारायच्या नाहीत. मागच्या वेळी चेअरमनना दर मजल्यावर जाऊन ओरडावं लागलं होतं. या वेळी त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "युसूफसाहेबांचं काम हाय." दहाही मजले असे शांत झाले की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. कुणाच्या घरी कुकर नाही, दार नाही, लेकरू रडत नाही. तुझ्या शोकसभेत भाषणं झाली होती, पण तुला खरा मान त्या दुपारी मिळाला असं मला वाटतं.

यंत्रं वरून बिनतारेनं रेघा पाठवत होती; मी लॅपटॉप घेऊन खाली घरात आलो, मायजवळ बसलो. रेघा उमटत होत्या. दोन्ही टोकं आता बरोबरीनं जात होती, बरोबरीनं येत होती. मुरडणं जवळजवळ गेलं होतं, आणि झोका पूर्वीपेक्षा चपळ झाला होता. तुझं गणित बरोबर आलं होतं, युसूफ. मी डोळे पुसले.

माय हळूच म्हणाली, "ही रेघ कशाची?"

माझ्या जिभेवर काहीबाही आलं होतं. पण तुझं तोंड डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि मी म्हटलं, "ह्या घराची, माय. घर हलून राहिलंय. आत्ता, ह्या घडीला."

ती दचकली नाही. रेघेकडे बघत राहिली.

"अन् भूकंप आला तर?"

"जास्ती हलंल. भेगा पडतील. पण बसू नये म्हणून युसूफनं जेवढं करता येतं तेवढं केलंय. बाहेर पडायला मिळंल."

मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. आता ही उठणार आणि म्हणणार, मला गावाकडं सोड. माय बोलली ती कुजबुजत, कारण इमारत गप्प होती.

"तुजा आजा म्हणायचा, आपलं दगडी घर हाय, पिढ्या गेल्या, पडत न्हाई. तुजा बाप तेच म्हणायचा. गाव तेच म्हणायचं. म्हणून तर दार लावून, अक्काला कुशीत घिऊन निवांत झोपले मी." तिनं पदर तोंडाला लावला आणि काढला. "त्या दिशी युसूफबी 'पडत न्हाई' म्हणला असता, तर मी ह्या दारात पाय ठेवला नसता. समद्या जल्मात 'हलंल' म्हणणारा ह्यो एकच माणूस भेटला."

 इतके दिवस मी तुझ्याशी ज्यासाठी भांडत होतो ते मायनं असं एका दमात माझ्या हातातून काढून घेतलं. तिला खोटा धीर द्यायला निघालो होतो मी, आणि खोट्या धीरानंच तिची लेक नेली होती. तुला हे ठाऊक होतं का? की तू नुसताच तुझ्या खोडीला जागलास? आता कुणाला विचारू?

मायनं पदराची घडी केली, उशाला घेतली आणि तिथंच खांबाजवळ आडवी झाली. मला वाटलं, पाठ टेकतेय. थोड्या वेळानं बघतो तर तिचा श्वास लांबलेला, तोंड जरा उघडं. वर चार मजले, त्यावर गच्ची, पाणी, आभाळ. समोर ती रेघ जात होती आणि येत होती. माझी माय छताखाली झोपली होती, युसूफ. घर हलतंय हे माहीत असून झोपली होती.